'क्वोरेट: यस' दिसलं म्हणजे एचए लागलं असं होत नाही

प्रॉक्समॉक्स ही सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली; असे सर्व्हर, म्हणजे नोड, एकत्र जोडले की क्लस्टर. एचए (हाय अव्हेलेबिलिटी) म्हणजे नोड पडला तर त्याच्यावरची व्हीएम आपोआप दुसऱ्या नोडवर चालू होणं. क्लस्टर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, 'एचए नीट आहे का, तपासलं का?' हमखास उत्तर येतं, 'हो, क्वोरेट यस दाखवतंय.' विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं. हे इतक्या वेळा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहून टाकतो.

हे 'क्वोरेट' दाखवणारी 'पीव्हीईसीएम स्टेटस' ही कमांड तुम्हाला पाठ असेलच, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. कोरोसिंकला (नोडांचा एकमेकांशी संपर्क ठेवणाऱ्या प्रोग्रामला) किती नोड दिसतात, एकूण मतं किती आणि बहुमत, म्हणजे क्वोरम, आहे का, एवढंच ती सांगते. तीन नोड असतील तर दोन मतं लागतात, पाच असतील तर तीन. दोनच नोड असतील तर दोन्ही लागतात, म्हणून तिथे तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावायचा. डेटासेंटरच्या समरीत जी हिरवी खूण दिसते, तिचा अर्थही इतकाच.

या सगळ्यात तुमच्या व्हीएमचं नाव कुठेच नाही. क्वोरममुळे क्लस्टरला निर्णय घेण्याचा अधिकार मिळतो. नोड पडला तर कुठली व्हीएम उचलून दुसरीकडे चालू करायची, हे मात्र तुम्ही स्वतः एचएला सांगावं लागतं, प्रत्येक व्हीएमसाठी वेगळं. त्याची स्थिती 'एचए-मॅनेजर स्टेटस' या दुसऱ्या कमांडमध्ये दिसते.

घोळ इथेच होतो, कारण या दुसऱ्या कमांडची पहिली ओळसुद्धा 'क्वोरम ओके' अशीच असते. ज्या क्लस्टरवर एचए कधी वापरलंच नाही, तिथे ही कमांड तेवढी एकच ओळ छापून थांबते. बघणाऱ्याला 'ओके' दिसतं आणि तो टर्मिनल बंद करतो.

एका ठिकाणी रात्री तीनपैकी एका नोडचा पॉवर सप्लाय गेला. मी लॉगिन केलं तेव्हा दोन मतं, क्वोरेट यस, सगळं ठीक. आणि डेटाबेसची व्हीएम मेलेल्या नोडखाली करडं प्रश्नचिन्ह घेऊन पडलेली. क्लस्टर उभारणाऱ्याने ताबा देतानाच्या कागदात 'एचए तपासले' असं लिहून पुरावा म्हणून क्वोरेट यसचाच स्क्रीनशॉट जोडला होता. व्हीएमच्या समरीत 'एचए स्टेट: नन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. व्हीएम हाताने दुसऱ्या नोडवर आणण्याआधी फोन करून एकाला रॅकपाशी पाठवावं लागलं, तो नोड खरोखर बंद आहे ना हे डोळ्यांनी बघायला. कारण शेअर्ड स्टोरेजवरची (सगळ्या नोडांना सामायिक साठवणीतली) तीच डिस्क दोन नोडांनी एकाच वेळी उघडली तर डेटाची वाट लागते.

रॅकपाशी माणूस पाठवण्याचं हे काम एचए फेन्सिंगने करतं, म्हणजे तुटलेला नोड नक्की थांबलाय याची आधी खात्री करून घेतं. ते कसं चालतं हे एकदा कळलं की दोन्ही कमांडमधला फरक पुन्हा विसरत नाही.

'एचए-मॅनेजर स्टेटस'मध्ये क्वोरमखाली एक 'मास्टर'ची ओळ असते, मग प्रत्येक नोडची 'एलआरएम' ओळ, आणि शेवटी 'सर्व्हिस व्हीएम:१०१ (नोड २, स्टार्टेड)' अशा ओळी. मास्टर ठरवतो आणि एलआरएम आपापल्या नोडवर ते अमलात आणतो. एलआरएमपुढे 'ॲक्टिव्ह' किंवा 'आयडल' लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते अख्ख्या आउटपुटमध्ये सर्वात महत्त्वाचा शब्द हाच. आयडल म्हणजे त्या नोडवर एचएच्या ताब्यात काहीच नाही. ॲक्टिव्ह असेल तर एलआरएमने आपलं लॉक (नोड जिवंत असल्याची, सतत नूतनीकरण लागणारी खूण) घेतलेलं असतं आणि वॉचडॉग (वेळेत थोपवला नाही तर नोड रीसेट करणारा टायमर) सज्ज असतो.

आता ॲक्टिव्ह नोडचं क्लस्टर नेटवर्क तुटलं असं समजा. क्वोरम गेल्याबरोबर त्याच्यावरचं क्लस्टरचं कॉन्फिगरेशन फक्त वाचण्यापुरतं उरतं, लॉकचं नूतनीकरण होत नाही, एलआरएम वॉचडॉगला थोपवू शकत नाही आणि ६० सेकंदांत नोड स्वतःला रीसेट करतो. पलीकडे बहुमतातला मास्टर ते लॉक संपायची वाट बघत असतो, त्याला १२० सेकंद लागतात. लॉक हातात आलं की जुना नोड नक्की थांबलाय याची त्याला खात्री असते, आणि मगच तो व्हीएम दुसरीकडे चालू करतो. सगळं धरून साधारण दोन मिनिटं.

याच स्थितीत आयडल नोडला काही होत नाही. त्याच्यावरच्या व्हीएम चालत राहतात, नवीन काही सुरू करता येत नाही एवढंच. 'सर्व्हर आपोआप रीबूट झाला, हार्डवेअर खराब आहे' अशा तक्रारींत मी आधी एलआरएम ॲक्टिव्ह होता का ते बघतो आणि मग कोरोसिंक कुठल्या नेटवर्कवर आहे ते. बॅकअपच्या रहदारीत कोरोसिंक घुसमटलं तरी असे रीबूट होतात. एचए वापरणार असाल तर कोरोसिंकला स्वतंत्र नेटवर्क द्याच, यात मी तडजोड करत नाही.

बाकीचे गोंधळ किरकोळ. लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या नोडवर हलवणं) म्हणजे एचए नव्हे: मायग्रेशनला दोन्ही नोड जिवंत लागतात, एचएमध्ये व्हीएम नव्याने बूट होते आणि मेमरीतलं सगळं जातं. व्हीएमच्या आतून शटडाउन केलं तर एचए तिला पुन्हा उठवतं, कारण तुम्ही मागितलेली स्थिती अजून 'स्टार्टेड'च असते. 'एरर'मध्ये अडकलेली सर्व्हिस आधी 'डिसेबल्ड' करायची, कारण दुरुस्त करायचं आणि मगच 'स्टार्टेड'. डिस्क नोडच्या लोकल स्टोरेजवर असेल तर स्टेटस कितीही छान दिसो, नोड गेला की डिस्कही गेली, दुसरीकडे काय चालू होणार? हे स्टेटस तुम्हाला आधी सांगत नाही, व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये स्वतः बघावं लागतं.

आणखी एक खोड मला अजिबात पटत नाही. क्वोरम गेला की लगेच 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' मारायचं, म्हणजे एकच मत पुरे असं क्लस्टरला सांगायचं. बाकीचे नोड खरंच बंद आहेत हे ठाऊक असेल तर ठीक, पण नुसतं नेटवर्क तुटलेलं असताना हे करणं म्हणजे दोन्ही बाजूंना आपलंच राज्य आहे असं सांगणं. क्वोरम ज्यासाठी आहे तेच त्याने मोडीत निघतं.

खरी तपासणी करायची तर एक बिनमहत्त्वाची व्हीएम एचएमध्ये घाला, तिच्या नोडचा एलआरएम ॲक्टिव्ह झालेला बघा आणि त्या नोडची पॉवर केबल काढा. दुसऱ्या नोडवर 'एचए-मॅनेजर स्टेटस' पुन्हा पुन्हा चालवत राहा. गेलेल्या नोडच्या एलआरएमपुढे 'ओल्ड टाइमस्टॅम्प - डेड?' येईल, सर्व्हिस 'फेन्स'मध्ये जाईल, मग 'रिकव्हरी', आणि शेवटी नव्या नोडच्या नावासमोर 'स्टार्टेड'. कागदावर स्क्रीनशॉट लावायचाच असेल तर तो या शेवटच्या ओळीचा लावा.