राउंड फिगरचा वास

चैत्र लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो निरोप येतोच: 'उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होईल.' यंदा तो मावसभावाने पाठवला, आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या गाडीत पेट्रोलचा वास सुटला. घरच्यांनी दोन्हींची सांगड घालायला वेळ लावला नाही.

स्फोटाचं आधी उरकून टाकतो. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. परभणीचा मे महिना कितीही भाजला तरी पारा पंचेचाळिशीत अडखळतो. ठिणगी पडलीच, तरी हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेट घेते. आता ३८ अंशांना पेट्रोलच्या वाफेचा दाब साधारण ६० किलोपास्कल भरतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या निम्म्याहून जास्त. टाकीतल्या रिकाम्या जागेत वाफच एवढी दाटलेली असते की जळायला पुरेशी हवा उरत नाही. धोका असतो तो टाकीबाहेर, जिथे ही वाफ हवेत मिसळून विरळ होत जाते. टाकी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरायला हरकत नाही, असा खुलासा तेल कंपन्यांनीही केला आहे. पण खुलासे कोण फॉरवर्ड करतो?

गाडी वसमत रस्त्यावरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं बोनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "सर, वास कव्हा येतो ते सांगा आधी. कुठून येतो ते मंग बघू."

याला म्हणतात निदान. सकाळी गार इंजिन सुरू करताना वास आला आणि गाडी तापल्यावर गेला, तर इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, किंवा रबरी पाइपचा जोड संशयित. रबर गारठ्यात आकसतं आणि तिथून पेट्रोल झिरपतं. इंजेक्टरच्या गाड्यांत या पाइपांमध्ये हवेच्या तीन-चार पट दाब असतो, त्यामुळे केसाएवढी चीरही पुरते. चालत्या गाडीत बाहेरची हवा आत घेतली की वास आणि काचा बंद करून आतलीच हवा फिरवली की नाही, तर गळती बोनेटखाली. कारण आत येणारी हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी ओढली जाते. मागच्या सीटवरच जास्त वास असेल आणि नुकताच टाकीतला पंप बदलला असेल, तर त्यावरच्या, सीटखालच्या झाकणाचं सील नीट बसलेलं नाही. आणि गाडी सोयाबीनच्या गोदामाशेजारी उभी राहत असेल तर आधी उंदीर बघा. पाइप कुरतडताना त्यांना पेट्रोलचं वावडं नसतं.

माझा वास यायचा पेट्रोल भरल्यावर, आणि दुपारी उन्हात उभी केल्यावर. शिवाय पंपावरून निघताना गाडी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नव्हती. मिस्त्री हसला. "राउंड फिगर करता का?"

इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळी गंमत इथेच आहे.

टाकी श्वास घेते. दुपारी तापली की आतली हवा फुगते, वाफ वाढते आणि बाहेर पडायला बघते. रात्री गार झाली की बाहेरची हवा आत येते. पूर्वी हा उच्छ्वास सरळ वातावरणात जायचा, म्हणजे उभ्या गाडीतूनही पेट्रोल उडत राहायचं. १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने त्याला अटकाव केला, आणि गाड्यांत एक डबा आला: कॅनिस्टर. डब्यात असतो सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमला आतून इतकी भोकं असतात की त्यांच्या भिंती उलगडल्या तर अंदाजे हजार चौरस मीटर भरतील. आपल्या भाषेत दहा गुंठे! डब्यात तीनशे ग्रॅम कोळसा धरला तर पंचाहत्तर एकर, तेही सातबाऱ्याशिवाय.

या भिंतींना पेट्रोलचे रेणू चिकटतात. भिजत नाहीत, मुरत नाहीत, नुसते पृष्ठभागाला धरून राहतात. शाळेत याला अधिशोषण म्हणायचे. धरणारं बळ अगदी दुबळं, व्हान डर वाल्सचं, म्हणजे जवळ आलेल्या रेणूंमधलं नुसतं क्षीण आकर्षण. पण भोक दोन-पाच नॅनोमीटरचं असलं की रेणूला दोन्ही बाजूंच्या भिंती ओढतात, आणि एरवी वाफ राहिली असती अशा दाबालाही ब्यूटेन-पेंटेन (पेट्रोलमधले हलके, चटकन उडणारे घटक) तिथे द्रवासारखं साचतं. भोक आणखी अरुंद केलं तर पकड आणखी घट्ट, पण मग रेणू सुटत नाहीत. पाण्याच्या फिल्टरमधला नारळाच्या करवंटीचा कोळसा अशा अरुंद भोकांचा, म्हणून इथे लाकडापासून केलेला रुंद भोकांचा कोळसा जास्त चालतो. रेणू पकडायचे तर आहेतच, पण वेळ आली की सोडायचेही आहेत. इंजिन तापून चालू झालं की गाडीतला संगणक पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डब्यातून इंजिनाकडे जाणारी झडप, उघडतो, इंजिनचा शोष डब्यातून ताजी हवा ओढतो, रेणू भिंती सोडतात आणि इंजिनात जळतात. डबा रिकामा, उद्याच्या उन्हाला तयार. तापलेल्या कोळशाची पकड सैल होते, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात त्याची खरी परीक्षा.

हा सगळा कारभार वाफेसाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही. पंपाच्या नोझलच्या टोकाला बारीक छिद्र असतं. पेट्रोल तिथवर चढलं की शोष बदलून खटका पडतो. त्यानंतर '१९८३ रुपयांचे २००० करू' म्हणून जे ढकललं जातं, ते वाफेच्या नळीतून डब्यात जाऊ शकतं. एकदा कोळसा चिंब झाला की पंचाहत्तर एकरांत रेणूला पाय ठेवायला जागा नाही. दुपारचा उच्छ्वास थेट बाहेर पडतो, आणि व्हॉल्व्ह उघडताच इंजिनाला एकदम जास्त पेट्रोल मिळून ते गुदमरतं.

हल्ली प्रत्येक वासाचं खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या उसाच्या इथेनॉलवर फुटतं. त्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉल जुन्या गाड्यांचं काही रबर फुगवतं, आणि एकट्या इथेनॉलच्या वाफेचा दाब पेट्रोलहून कमी असूनही मिश्रणाचा दाब जरा वाढतो. पण माझ्या गाडीत अपराधी ऊस नव्हता, मी होतो.

डबा बदलला, टाकीच्या झाकणाचं चिरलेलं रबरही बदललं. तोवर घरच्यांनी कापराची पुडी टांगून झाली होती. नव्या गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची आधीपासून होतंच. कापूर वास झाकतो, गळती नाही. डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावायला काडी ओढणारे तर मला गाडीतल्या ठिणगीपेक्षा जास्त घाबरवतात. पेट्रोलची वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड. ती सीटखाली, बंद शेडमध्ये जमिनीलगत साचते. आपलं नाक तिला दहा लाखांत एका भागाच्या आतही ओळखतं, म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या हजारो पट आधी. पण तेच नाक काही मिनिटांत थकतं, आणि आपण म्हणतो 'वास गेला'. खाली ओला डाग दिसला तर गाडी सुरूच करू नये, ढकलत उघड्यावर आणावी, आणि गळती शोधायला टॉर्च वापरावा, लायटर नव्हे.

राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव बातम्यांत येतं. परवा पंपावर खटका पडला तेव्हा आकडा १९८३ वर थांबला. पोऱ्यानं सवयीनं विचारलं, "राउंड फिगर?"

"नको. मोबाइलवरूनच देणार आहे, सुट्ट्यांचा प्रश्न कुठाय?"

"सतरा रुपयानं काय होतं सर?"

साधारण दीडशे मिलीलिटर होतं, मी मनात म्हटलं, आणि झाकण खटखट वाजेपर्यंत फिरवलं.