डेव्ह-मेमला कुलूप काहून लागलं

काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत ओलिताची मोटर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून चालू-बंद व्हायची, प्रोग्राम माझाच होता. २०१५ मधे तिथे पाय-२ बसवला, कार्ड जुनंच टाकलं अन् रिले (मोटर चालू करणारा स्विच) टिक पण करेना. दोन तास वायरी तपासल्या, मग कळलं की पहिल्या पायमधे रजिस्टरं (डिव्हाइसला हुकूम द्यायच्या जागा) हेक्स म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत २००००००० या पत्त्यापासून सुरू व्हायची ती आता ३एफ०००००० वर गेली आहेत, अन् माझा कोड मस्तपैकी साध्या रॅमवर लिहायला निघाला होता. ज्या डेव्ह-मेम फाइलीतून कोड हे पत्ते उघडायचा, तिचा अख्खा घोळ यातच आहे भाऊ.

घोळ "मेमरी" या शब्दाचा. पीडीपी-११ या जुन्या कॉम्प्युटरवर १६ बिटांचा म्हणजे ६४ केबीचा पत्ता, त्यातले वरचे ८ केबी डिव्हाइसच्या रजिस्टरांना दिलेले. पत्ता मेमरीसारखा, वाचा-लिहायच्या सूचना त्याच, म्हणून सगळे त्याला मेमरीच म्हणू लागले. पण ती मेमरी नाही ना! काही स्टेटस रजिस्टरं नुसती वाचली तरी आतला झेंडा (खुणेचा बिट) साफ होतो, एकच किंमत दोनदा लिहिली तर दोनदा काम होतं, अन् कॅशमधे (प्रोसेसरजवळच्या झटपट साठ्यात) तर ती ठेवूच नये. युनिक्सने डेव्ह-मेम नावाची एकच फाइल दिली, त्यात रॅम पण अन् रजिस्टरं पण. घरमालकाच्या तिजोरीची अन् मोटरच्या खोलीची चावी एकच!

डॉसवर तर चावीचीही गरज नव्हती. आमच्या इकडच्या कॉलेजांच्या लॅबमधे टर्बो सी उघडून फार पॉइंटर (लांबचा पत्ता धरणारा) बी८०० सेगमेंटला म्हणजे स्क्रीनच्या मेमरीला लावायचा अन् स्क्रीनवर अक्षरं नाचवायची, ८० गुणिले २५, प्रत्येक अक्षराला दोन बाइट, हे ज्याने केलं नाही त्याला त्यातली मजा काय सांगायची.

लिनक्सवर एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) कित्येक वर्षं रूट म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालायचा अन् डेव्ह-मेममधूनच ग्राफिक्स कार्डाची रजिस्टरं मॅप करायचा. तोच रस्ता रूटकिटवाल्यांनाही (मशीनमधे लपून ताबा ठेवणाऱ्या चोरांना) सापडला, २००१ च्या सुमारास डेव्ह-केमेम या कर्नलची मेमरी उघडणाऱ्या जुळ्या फाइलीतून चालू कर्नलच (सिस्टीमचा गाभा) बदलणारी रूटकिटं फिरत होती. विंडोजने २००५ मधे सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधे साध्या प्रोग्रामला फिजिकल मेमरीचं दार बंदच केलं.

लिनक्सवाले अडले ते २००८ मधे. कर्नल २.६.२६ मधे पर्याय आला की डेव्ह-मेममधून रॅम दिसणार नाही, डिव्हाइसचे पत्ते दिसतील, एक्स अन् डॉसएम्यूसाठी (लिनक्सवर डॉस चालवणारा प्रोग्राम) एक्स८६ म्हणजे पीसीच्या प्रोसेसरवर पहिला १ एमबी मोकळा. नाव काय तर नॉनप्रॉमिस्क (प्रॉमिस्क म्हणजे सगळं मोकळं), म्हणजे "नाही" चालू करायचं. त्यावर कुरबुर झाली म्हणून प्रॉमिस्क केलं, मग तेही बदलून स्ट्रिक्ट. नावावरूनच एवढं, मग मुद्द्यावरून तर होणारच. एक बाजू म्हणे, रूटला असंही कर्नलमधे मॉड्यूल (नवा कोड) टाकता येतं तर हे कुलूप कोणासाठी? चालू मशीनची रॅम बघणारे डीबगरवाले वेगळेच चिडलेले. मला तेव्हा पहिली बाजू पटायची, पण काटोलनंतर नाही, कारण हे कुलूप चोरापेक्षा माझ्यासारख्या चुकणाऱ्याच्या जास्त कामाचं आहे. २०१६ मधे कर्नल ४.५ ने आणखी आवळलं, ड्रायव्हरने घेतलेली रजिस्टरं पण बंद करता येऊ लागली.

तोवर बाजूचे रस्ते झाले होते. २००७ मधे यूआयओ (साध्या प्रोग्रामातून डिव्हाइस चालवायची सोय) आलं, त्यात डिव्हाइसची जागा तेवढीच मॅप होते. पण डिव्हाइस डीएमए करत असेल, म्हणजे प्रोसेसरला न विचारता स्वतःच रॅमला हात लावत असेल, तर ते कुठल्याही रॅमवर लिहू शकतं, म्हणून २०१२ मधे व्हीएफआयओ आलं, त्यात मधे आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते तपासणारं हार्डवेअर) पहारा देतं. ग्राफिक्सचं काम कर्नलमधेच गेलं, अन् २०२१ मधे डेव्ह-केमेम काढूनच टाकलं, कोणी रडलं नाही.

पायवाल्यांना २०१५ मधेच जीपीआयओ-मेम (पायच्या पिनांपुरती वेगळी फाइल) मिळालं होतं, रूट न होता फक्त पिनांची रजिस्टरं, पत्ता पाठ करायचीही गरज नाही. मी ते वापरायला घेतलं, अन् २०२३ मधे पाय-५ ने पिनाच पीसीआय एक्सप्रेसच्या पलीकडे वेगळ्या चिपवर नेल्या, रजिस्टरांची मांडणीच बदलली. बागेत अजून पाय-२ च आहे.