एआर चष्म्यातील हँड ट्रॅकिंग: एका परवानगीमागची वाटचाल

पवईच्या आयआयटीतील विद्यार्थी असोत किंवा अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत थ्रीडीचे काम करणारी मंडळी असोत, ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चष्म्यासाठी पहिल्यांदा ॲप लिहिणाऱ्याला एक अडचण हमखास भेडसावते. चष्म्याला कॅमेरे असतात, परंतु हात समोर धरला तरी काहीच घडत नाही. बहुतेक चष्म्यांत आणि हेडसेटमध्ये हँड ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्यांनी हातांची हालचाल ओळखण्याची सोय, सेटिंग्जमध्ये चालू करावे लागते, ॲपमध्ये हातात धरायच्या कंट्रोलरऐवजी हात हे इनपुट निवडावे लागते किंवा वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हे सोपस्कार कुठून आले, हे समजण्यासाठी संगणकाला माणसाचा हात कसकसा कळत गेला, ते पाहावे लागते.

इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवण्याचा पडदा दाखवला, तेव्हा संगणकाला डोक्याची हालचाल कळत होती. बोटांची हालचाल टिपण्यासाठी मात्र आणखी काही वर्षे जावी लागली. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात डॅनियल सँडिन आणि टॉम डीफँटी यांनी रिच सेयर यांच्या कल्पनेवरून १९७७ मध्ये एक हातमोजा तयार केला. बोटांवरून गेलेल्या लवचीक नळ्यांच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा घटक होता. बोट वाकले की नळीतून पोचणारा प्रकाश कमी होई आणि त्यावरून वाक मोजला जाई. पुढे जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीने थॉमस झिमरमन यांचा डेटाग्लोव्ह १९८७ मध्ये बाजारात आणला, आणि १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या खेळांसाठी मॅटेलचा स्वस्त पॉवर ग्लोव्ह आला. या सर्व उपकरणांत हात ओळखला जावा म्हणून हातावरच काहीतरी चढवावे लागत होते, आणि ही अट सुटायला पुढची दोन दशके लागली.

ती सुटण्याच्या उंबरठ्यावर मुंबईशी नाते असलेला एक प्रयोग उभा आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९ मध्ये ‘सिक्स्थसेन्स’ जगासमोर मांडला. गळ्यात लहानसा कॅमेरा आणि प्रोजेक्टर, तर बोटांच्या टोकांना रंगीत खुणा, अशी त्याची रचना होती. हातमोजा गेला होता, तरी रंगीत खुणांचा आधार उरला होता, कारण उघडे बोट आणि त्यामागचे दृश्य यांतला फरक साध्या कॅमेऱ्याला भरवशाने कळत नसे. २०१० चा किनेक्ट आणि २०१३ चा लीप मोशन या शरीराची व हातांची हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या साहाय्याने ही उणीव बरीचशी भरून काढली.

मायक्रोसॉफ्टचा पहिला होलोलेन्स हा एआर हेडसेट २०१६ मध्ये विकासकांच्या हाती आला, पण त्याची समज फारच तोकडी होती. तर्जनी उभी धरून खाली टेकवणे आणि मिटलेली मूठ वर उघडणे एवढेच मोजके इशारे त्याला कळत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या होलोलेन्स २ ला प्रत्येक हातावरचे, सांध्यांसारखे, २५ बिंदू कळू लागले, त्यामुळे हवेतली वस्तू खरोखर पकडता येऊ लागली. त्याचे वजन मात्र ५६६ ग्रॅम होते. मुंबईच्या रिलायन्सने जुलै २०२० मध्ये दाखवलेला जिओग्लास हा चष्मा ७५ ग्रॅमचा आणि तारेने फोनला जोडलेला होता. इतक्या हलक्या चौकटीत कॅमेरे, बॅटरी आणि सतत चालणारी गणना हे सारे सामावणे कठीण असते, आणि हँड ट्रॅकिंगची खरी गाठ तिथेच आहे, असे मला वाटते.

ही गाठ सैल झाली ती सॉफ्टवेअरमुळे. गूगलने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरमध्ये आधी तळहात शोधला जातो, कारण बोटांच्या मानाने त्याचा आकार फारसा बदलत नाही; मग हाताचे २१ बिंदू ठरवले जातात, आणि पुढच्या चित्रात हात कुठे असेल याचा अंदाज आधीच्या बिंदूंवरून बांधला जातो. तळहाताचा शोध दरवेळी नव्याने घ्यावा लागत नाही, त्यामुळे वीज वाचते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑक्युलस क्वेस्ट या हेडसेटला अपडेटमधून हँड ट्रॅकिंग मिळाले. नवा सुटा भाग लागला नाही, डोक्याची जागा ओळखण्यासाठी बसवलेले चार कॅमेरेच हातही पाहू लागले. सुरुवातीला ही सोय प्रायोगिक म्हणून सेटिंग्जमध्ये मुद्दाम चालू करावी लागे, आणि चालू-बंदचे बटण तेव्हापासून अनेकांच्या ओळखीचे झाले.

परवानगीचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कोणी असा चष्मा घातला, तर त्याच्या कॅमेऱ्यांसमोर घालणाऱ्याचे हात येतील, तसेच शेजारच्यांचे चेहरे, फोनचे पडदे आणि वरच्या कड्या धरलेले परके हातही येतील. म्हणून चांगल्या व्यवस्थेत कॅमेऱ्याचे चित्र ॲपपर्यंत पोचत नाही, फक्त सांध्यांचे स्थान पोचते. ओपनएक्सआर या सामाईक मानकात प्रत्येक हाताचे असे २६ बिंदू ठरलेले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड एक्सआर या गूगलच्या चष्मे-हेडसेटसाठीच्या प्रणालीत तर हातांसाठी स्वतंत्र परवानगी आहे, आणि ती वापरणाऱ्याकडून मागून घ्यावी लागते. ही अट विकासकाला जाचक वाटली तरी ती राहायलाच हवी.

मे महिन्यातल्या दुपारी मरीन ड्राइव्हवर आणखी एक मर्यादा जाणवेल: उन्हातला इन्फ्रारेड प्रकाश सेन्सरचे काम बिघडवतो. शिवाय हात सतत वर धरून खांदे भरून येतात, ते वेगळेच. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या रे-बॅन डिस्प्ले चष्म्याला म्हणूनच मनगटपट्टी जोडलेली आहे. ती स्नायूंतले विद्युत संकेत वाचते, त्यामुळे हात खाली सोडलेला असतानाही चिमटीचा इशारा कळतो. मात्र स्नायूंच्या संकेतांवरून हात अवकाशात नेमका कुठे आहे हे ठरत नाही, त्यामुळे समोर तरंगणारी वस्तू उचलायची असेल तर कॅमेऱ्यांवर चालणारे हँड ट्रॅकिंग अजूनही चालूच करावे लागते.