बून, रिबेका ब्रायन

(९ जानेवारी १७३९ – १८ मार्च १८१३). अमेरिकेच्या सीमाप्रदेशातील आद्य वसाहतकार स्त्री व केंटकीचा वाटाड्या डॅनिएल बून याची पत्नी. व्हर्जिनियातील विंचेस्टरच्या परिसरात तिचा जन्म झाला असे सामान्यतः मानतात. जन्मतारखेला मुख्यतः कौटुंबिक परंपरेचा आधार आहे.

ब्रायन घराण्याच्या मूळस्थानाविषयी मतभेद आहेत. इंग्लंडचा शासक ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या काळात आयर्लंडमधून परागंदा झालेल्या पूर्वजाच्या पोटी रिबेकाचे आजोबा मॉर्गन ब्रायन डेन्मार्कमध्ये सुमारे १६७१ साली जन्मले, असे जुन्या वंशावळी सांगतात. मात्र या कथेला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. शिवाय मॉर्गनचा मार्था स्ट्रोडशी विवाह १७१९ च्या सुमारास झाला असे त्याच परंपरेत सांगितले जात असल्याने इतके आधीचे जन्मवर्ष स्वीकारणे अवघड जाते. घराणे आयर्लंडमार्गे पेनसिल्व्हेनियात आले, एवढे विधान अधिक ग्राह्य वाटते. १७३० मध्ये मॉर्गन ब्रायन व अलेक्झांडर रॉस यांना व्हर्जिनियातील ओपेकन ओढ्याच्या परिसरात वसाहतीसाठी १,००,००० एकर जमीन मंजूर झाली, तेथून पुढचा इतिहास दस्तऐवजांवर उभा राहतो. १७४८ च्या सुमारास हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन खोऱ्यात स्थलांतरित झाले.

रिबेकाचे वडील जोसेफ ब्रायन हे मॉर्गनचे पुत्र. आईविषयी मात्र वाद आहे. एका मतानुसार हेस्टर हॅम्प्टन ही जोसेफची पहिली पत्नी तिची आई होय व तिच्या मृत्यूनंतर रिबेका आजीआजोबांकडे वाढली. दुसरे मत ॲलिस लिनव्हिल हिलाच आई मानते. पहिले मत अधिक प्रचलित असले, तरी त्याचा पुरावा दुबळा आहे.

१४ ऑगस्ट १७५६ रोजी रिबेकाचा डॅनिएलशी विवाह झाला. हा दोन कुळांमधील एकमेव संबंध नव्हता : तिची बहीण मार्था ही डॅनिएलचा भाऊ एडवर्ड याची पत्नी, तर डॅनिएलची बहीण मेरी ही रिबेकाचे काका विल्यम ब्रायन यांची पत्नी होती. केंटकीतील ब्रायन्स स्टेशन या तटबंदीच्या वस्तीसारख्या वसाहती अशाच नातेसंबंधांतून उभ्या राहिल्या. पश्चिमेकडील स्थलांतर एकट्या धाडसी पुरुषाचे नसून कुळांचे होते, हे या घराण्याच्या इतिहासात ठळकपणे दिसते. ही भूमी शॉनी व चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांच्या शिकारीची होती आणि तिच्यासाठीचा संघर्ष दोन्ही बाजूंना जीवघेणा ठरला.

रिबेकाला दहा अपत्ये झाली. थोरला जेम्स १७७३ मध्ये केंटकीकडे जाताना, तर इझ्रेल १७८२ च्या ब्लू लिक्सच्या लढाईत मारला गेला. विल्यम अर्भकावस्थेत वारला. मुलगी जेमायमा ही डॅनिएलच्या दीर्घ अनुपस्थितीत त्याच्या भावापासून झाली, ही प्रचलित आख्यायिका पुराव्याअभावी इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. १७७८ मध्ये डॅनिएल शॉनींच्या कैदेत असताना तो मरण पावला असे समजून रिबेका मुलांसह नॉर्थ कॅरोलायनाला परतली. विवाहित जेमायमा मात्र बून्सबरो या केंटकीतील वस्तीतच राहिली. १७९९ मध्ये कुटुंब मिसूरीत गेले व तेथेच रिबेकाचे निधन झाले.

तिच्या हातचे लेखन उपलब्ध नाही. संशोधक लायमन ड्रेपर याने १८५१ मध्ये धाकटा मुलगा नेथन व सून ऑलिव्ह यांच्याकडून नोंदवून घेतलेल्या आठवणी महत्त्वाच्या असल्या, तरी त्या प्रामुख्याने डॅनिएलविषयीच्या आहेत.