तारे जमीं पर (२००७) : समीक्षक आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

२१ डिसेंबर २००७ ला रिलीज झालेला हा हिंदी सिनेमा, दिग्दर्शक म्हणून आमिर खानचा पहिलाच, कथा-पटकथा अमोल गुप्ते यांची. आठ-नऊ वर्षांच्या ईशान अवस्थीला वाचायला बसलं की अक्षरं नाचताना दिसतात, घरचे त्याला आळशी समजून बोर्डिंगला टाकतात आणि तिथे बदली म्हणून आलेले ड्रॉइंगचे निकुंभ सर त्याला डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं) आहे हे ओळखतात, अशी गोष्ट. बोर्डिंगचं शूटिंग पाचगणीच्या न्यू इरा हायस्कूलमध्ये झालं.

त्याच दिवशी 'वेलकम' नावाची मोठ्या स्टार्सची कॉमेडी पण आली होती, तरी हा सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर टिकला, कारण बघून आलेला माणूस दुसऱ्याला सांगायचाच की मुलांना घेऊन जा. थिएटरमध्ये लोक रडले ते मुख्यतः 'माँ' गाण्याला, आईबाप पोराला हॉस्टेलवर सोडून निघतात तिथे. पण मला विचाराल तर त्याहून जास्त लागतं ते ईशानच्या वहीतलं फ्लिपबुक, पानं भराभर उलटली की एक मुलगा घरच्यांपासून लांब लांब जाताना दिसतो, एक शब्द नाही आणि सगळं कळतं.

समीक्षकांनी बहुतेक भरभरून लिहिलं, सगळ्यात जास्त ईशानचं काम केलेल्या दर्शील सफारीबद्दल. तीन गुणिले नऊचं उत्तर शोधताना पोरगा डोक्यातल्या डोक्यात ग्रहांची टक्कर घडवून आणतो आणि पेपरात ठामपणे तीन लिहितो, त्या सीनचं कौतुक आजही होतं. फिल्मफेअरला बेस्ट फिल्म आणि बेस्ट डायरेक्टर, दर्शीलला क्रिटिक्स अवॉर्ड, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत कुटुंबकल्याणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, शिवाय गीतकार प्रसून जोशी आणि गायक शंकर महादेवन यांनाही. भारताकडून ऑस्करला पाठवला पण तिथे पुढे सरकला नाही.

टीकाही झाली आणि ती ऐकण्यासारखी आहे. इंटरव्हलनंतर सिनेमा उपदेश करायला लागतो, वडील एकसुरी वाटतात, आणि दोन गाण्यांच्या मधे पोरगा वाचायला-लिहायला लागतो हे फार सोपं करून दाखवलंय. खरं रेमेडियल टीचिंग, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणं, हळू चालतं, त्याला महिने काय वर्षं लागतात, आणि त्यात एकटे सर पुरत नाहीत, घर, शाळा, स्पेशल एज्युकेटर सगळे लागतात. दुसरा मुद्दा शेवटच्या चित्रस्पर्धेचा. ईशान तिथे पहिला येतो म्हणून सगळ्यांना पटतो, मग ज्याला अक्षरं पण जमत नाहीत आणि ब्रशही धरता येत नाही त्या पोराचं काय? हा प्रश्न मला एकदम रास्त वाटतो, डिस्लेक्सिया असला की हातात कला असतेच असं काही नसतं. वर्गात निकुंभ सर यांनाही हाच त्रास होता म्हणून आइनस्टाइन, लिओनार्दो अशी नावं घेतात त्यावरही आक्षेप आहे, कारण गेलेल्या माणसांचं असं निदान पक्कं करता येत नाही. पण समोर बसलेल्या पोराला त्या क्षणी आपण एकटे नाही एवढं कळणं गरजेचं होतं, त्यामुळे तो सीन मला चुकीचा वाटत नाही.

या सगळ्यात मोठी प्रतिक्रिया पालक-शिक्षकांची. 'लक्ष देत नाही', 'मुद्दाम करतो' म्हणून ज्यांना फटके बसत होते त्या मुलांना टेस्टिंगला न्यायला हवं हे खूप जणांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं. महाराष्ट्रात एसएससी बोर्डाच्या सवलती १९९० च्या दशकापासूनच होत्या, जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे, पण त्या माहीत असलेली घरं कमी. आणि देशाच्या पातळीवर १९९५ च्या अपंगत्व कायद्यात डिस्लेक्सिया धरलाच नव्हता, म्हणजे सिनेमा आला तेव्हा कायद्याच्या हिशेबी ईशानला काही झालेलंच नव्हतं. विशिष्ट अध्ययन अक्षमता, ज्यात डिस्लेक्सिया येतो, कायद्याच्या यादीत आली ती २०१६ मध्ये.