स्मृतिपृष्ठ स्थलांतर
(पेज मायग्रेशन). प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) सुरू असतानाच तिचे स्मृतिपृष्ठ, म्हणजे स्मृतीचा ठरावीक आकाराचा तुकडा, एका नोडवरून दुसऱ्या नोडवर हलविण्याची कर्नेलची (संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याची) क्रिया. पृष्ठाचा आभासी (प्रक्रियेला दिसणारा) पत्ता कायम राहतो, भौतिक पत्ता तेवढा बदलतो. नोड म्हणजे येथे प्रोसेसर व त्याला जोडलेली स्मृती. असे अनेक नोड असलेल्या, म्हणजेच नूमा, रचनेत परक्या नोडची स्मृती वाचण्यास अधिक वेळ लागतो.

उगमाबाबत एकवाक्यता नाही. लिनक्स या कार्यप्रणालीवर लिहिणारे बहुधा 2006 पासून आरंभ करतात. तथापि 1989 मध्येच आयबीएमच्या एस (ACE) यंत्रावर माक (Mach) प्रणालीत आणि रॉचेस्टर विद्यापीठात बटरफ्लाय यंत्रावरील प्लॅटिनम प्रणालीत पृष्ठे हलविली जात होती. वारंवार इकडून तिकडे जाणारे पृष्ठ काही वेळाने एका जागी गोठवावे, हा उपायही तेव्हाचाच. सिलिकॉन ग्राफिक्सच्या ओरिजिन 2000 यंत्रात (1996) स्थलांतर ठरविण्यासाठी पृष्ठनिहाय वापराच्या मोजणीची सोय हार्डवेअरमध्येच होती. लिनक्समधील मूळ संकेत (कोड) मात्र नूमासाठी नव्हे, तर चालू यंत्रातून स्मृती काढता यावी या हॉटप्लग प्रकल्पासाठी लिहिला गेला. सिलिकॉन ग्राफिक्सच्याच क्रिस्टोफ लॅमेटर यांनी त्याला नूमाचे वळण दिले व तो 2.6.16 आवृत्तीत (2006) आला. म्हणून याला दोन उगम मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कर्नेल पृष्ठाला कुलूप लावते, पृष्ठसारणीतील (आभासी व भौतिक पत्त्यांची जुळणी ठेवणाऱ्या तक्त्यातील) नोंदींच्या जागी स्थलांतराच्या तात्पुरत्या नोंदी ठेवते, मजकूर नव्या चौकटीत (भौतिक स्मृतीतील पृष्ठाएवढ्या जागेत) उतरविते आणि नोंदी नव्या पत्त्याने भरते. मधल्या काळात त्या पृष्ठाला हात लावणारी प्रक्रिया थांबून राहते. डीएमएसाठी (उपकरणांनी प्रोसेसरला वगळून थेट स्मृती वापरण्यासाठी) पिन केलेली, म्हणजे जागेवर खिळवलेली, पृष्ठे हलत नाहीत. प्रत्यक्षात बरीचशी अडचण तेथेच येते. लिनक्सच्या 3.8 आवृत्तीपासून (2013) कर्नेल स्वतः होऊनही पृष्ठे हलविते.

पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये उभारलेल्या परम 8000 या महासंगणकामध्ये प्रत्येक ट्रान्सप्यूटरची (त्यातील प्रोसेसरची) स्मृती स्वतंत्र असून देवघेव संदेशांनी होई. त्यामुळे तो या इतिहासात बसत नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील प्रत्यूष (2018) या महासंगणकाच्या एकेका गणन-नोडमध्ये (येथे नोड म्हणजे एक स्वतंत्र संगणक) दोन प्रोसेसर असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवे. अशा यंत्रांवर प्रक्रिया सहसा प्रोसेसरच्या ठरावीक गाभ्यांना (कोअरना) बांधतात. पृष्ठ प्रथम वापरणाऱ्या गाभ्याच्या नोडवरच ते मिळत असल्याने पुढे स्थलांतराची गरज फारशी पडत नाही.