रक्तवाहिनीशोथजन्य पक्षाघात

रक्तवाहिनीशोथजन्य पक्षाघात : रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजवणाऱ्या विकारांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन येणारा झटका. सातारा-सांगलीकडे पक्षाघाताला ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. वारं म्हटलं की म्हातारपण, रक्तदाब, साखर आणि तंबाखू एवढीच कारणे समोर येतात, आणि बहुतेकदा ती खरीही असतात. पण पंचविशीतल्या बाईचा हातपाय अचानक लुळा पडला, तर शोध तिथेच थांबवू नये.

या विकारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच धमन्यांवर उलटते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि खराब झालेल्या अस्तरावर रक्ताची गुठळी धरते. ती जागीच वाट बंद करते किंवा सुटून मेंदूत अडकते. कधी याउलट भिंत कमकुवत होऊन फुगते, फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो.

तरुण स्त्रियांमध्ये विशेष लक्षात ठेवावा असा प्रकार म्हणजे ताकायासू धमनीशोथ. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील विलक्षण रक्तवाहिन्यांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा यात सापडतात. आधी बारीक ताप, थकवा, वजन घटणे. पुढे मनगटाची नाडी क्षीण होते किंवा लागतच नाही. हात वर करून काम करताना दंड भरून येतो. तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर विरळणी करणारी बाई हे दुखणे कामावर ढकलणार, हे साहजिकच आहे. म्हणून दोन्ही मनगटांची नाडी पाहणे आणि दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजणे ही बिनखर्चाची तपासणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात झालीच पाहिजे. दोन हातांच्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात पाऱ्याच्या १० मिमीहून अधिक फरक असेल, तर पुढचा तपास करावा.

पन्नाशीनंतर महाकोशिका धमनीशोथ होऊ शकतो. भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो. कानशील ठणकते, केस विंचरताना टाळू दुखते, भाकरी चावताना जबडा भरून येतो. एका डोळ्याची दृष्टी अचानक जाऊ शकते, म्हणून संशय येताच सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू करतात.

आपल्याकडे क्षयाला विसरून चालत नाही. क्षयजन्य मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी साचणाऱ्या स्रावात धमन्या गुरफटतात, सुजतात आणि पक्षाघात होतो. इथे मुख्य उपचार क्षयाच्या औषधांचा. स्टेरॉइड त्यांच्या जोडीला देतात, एकटे कधीच नाही. त्यामुळे क्षय आहे का हे कळण्यासाठी पाठीतून पाणी काढून तपासणे आवश्यक ठरते. फक्त मेंदूच्या वाहिन्यांचा शोथ असेल, तर रक्ताचे अहवाल चांगले येऊनही आजार असू शकतो. एमआरआय व अँजिओग्राफी करूनही उलगडा झाला नाही, तर मेंदूचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.

कारण कोणतेही असो, तोंड वाकडे होणे, हात पडणे किंवा बोबडी वळणे दिसताच १०८ ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते सांगावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे झाल्यास ते साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅन पाहूनच देतात. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारल्यापासून मिरज हे वैद्यकीय गाव मानले जाते. कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण जत-आटपाडीहून किंवा पाटणच्या डोंगरवाड्यांतून निघणाऱ्याचे हे तास मालिश, उताऱ्यात गेले, तर रस्त्याला उरत नाहीत.

शोथ शमवण्यासाठी स्टेरॉइड आणि सोबत मेथोट्रेक्झेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे महिनोन्महिने चालतात. चेहरा सुजला म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे जिवावर बेतते, कारण तेवढ्या काळात शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. ताकायासूच्या रुग्णात आणखी एक फसगत होते : अरुंद धमनीच्या हातावर रक्तदाब खोटाच कमी दिसतो आणि मेंदूवरचा खरा दाब तसाच राहतो. दोन्ही हात बाधित असतील, तर तो पायावर मोजतात, आणि कोणत्या अवयवावर मोजला ते केसपेपरवर दर वेळी लिहितात.